रिकाम्या कपाचा आकडा

अहमदपूरच्या बसस्थानकात बाकावर बसून उस्तादांनी मला पाच चिप दिल्या, तेव्हा मी आधी त्या उलट्या करून पाहिल्या.

“पोटाकडून काय बघून राहिली? नंबर पाठीवर हाय.”

“कुणी बनवली ते बघतेय.”

“ते बी पाठीवरच हाय. चष्मा लाव.”

नखाच्या निम्म्याएवढा काळा तुकडा, दोन्ही बाजूंना आठ-आठ पाय, पाठीवर अंधूक अक्षरं. उस्तादांना ती वाचता येत होती. मला वाचूनही पुरत नव्हतं.

हे माझं लहानपणापासूनचं आहे. वडील लातूरला छापखान्यात मशीनवर होते. मोर्चाची, संपाची, सभेची, जयंतीची पत्रकं छापताना वाया गेलेल्या प्रती ते घरी आणत. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. ‘कमळ’ वाचायच्या आधी मी ‘जागे व्हा’ वाचलं. वडिलांचा नियम असा होता की कुठलंही पत्रक हातात आलं की पहिल्यांदा तळाची ओळ वाचायची : कुणी काढलं, कुठं छापलं. ज्याच्या तळाशी नाव नाही ते घरात आणायचं नाही, मजकूर कितीही पटला तरी. वडील गेले, नियम राहिला. औषधाची पट्टी असो, विजेचं मीटर असो की माणूस असो, मी तळाची ओळ शोधते.

उस्ताद म्हणजे नांदेडचे माझे गुरू. त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आता तिथं सगळ्या प्रकारचे बोर्ड येतात. पदविका करताना दोन वर्षं मी त्यांच्या टेबलासमोर स्टुलावर बसून सोल्डर करायला शिकले. नंतर लातूरला एका खोलीत माझं स्वतःचं काम सुरू केलं. पाण्याच्या टाकीचे टायमर, मोटारीच्या स्टार्टरचे बोर्ड, असलं. चिप मात्र उस्तादांकडूनच घ्यायची, कारण जुन्या बोर्डवरून उपसून, पाठ घासून, नवा नंबर छापलेली चिप त्यांना बोटाला कळते. एकदा कुरिअरवाल्यांनी पाकीट चेपून दिलं, तेव्हापासून आमची पद्धत ठरली. गुरुवारी ते नांदेडहून निघणार, मी लातूरहून, दोघं अहमदपूरला उतरणार, बाकावर बसून चहा पिणार, पाकीट हातात देणार आणि उलट्या बसनं परत.

या वेळचं काम टाकीच्या टायमरसारखं नव्हतं. मुरुडला, आमच्या गावी, बायकांच्या गटानं ठरवलं होतं की सोयाबीन ज्याचं त्यानं आडतीवर न्यायचं नाही. गावातच ओलावा तपासायचा आणि सगळ्यांचं मिळून एका गाडीत घालायचं. आडतीवर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आडत्या दाणा दाताखाली धरतो, कट्कन आवाज आला की नाही ते ऐकतो आणि म्हणतो, “तेरा हाय बाई,” म्हणजे ओलावा तेरा टक्के, भाव कमी. मग त्याच्या यंत्रात दाणे घालतो आणि यंत्रही तेरा म्हणतं. आई म्हणायची, “दात आन मशीन एकाच घरचे.”

म्हणून आपलं यंत्र हवं होतं. ते करायचं मी कबूल केलं आणि चालवायला आईला निवडलं. आई आठवी शिकलेली, पण मोठ्यानं आकडा वाचताना तिचा आवाज कापत नाही. निवडलं सगळ्यांनी, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनी. आमची वस्ती गावाच्या कडेला, विहाराच्या मागं. वरच्या आळीतल्या बायकांचा माल आमच्या वस्तीतल्या बाईनं तपासायचा आणि ‘हे ओलं आहे, परत न्या’ असं तिनं तोंडावर म्हणायचं, हे मुरुडात आधी झालेलं नव्हतं. एखादा आकडा चुकला तर यंत्र चुकलं असं कुणी म्हणणार नव्हतं. आईनं लबाडी केली असंच म्हणणार होते. हे आईला माहीत होतं आणि मलाही.

असं यंत्र आतून साधं असतं. एक कप, कपाच्या आत धातूच्या दोन भिंती, मध्ये दाणे. दाण्यात पाणी जास्त असलं की त्या दोन भिंतींमध्ये विजेचा साठा जास्त मावतो. तो किती, एवढंच मोजायचं. भांडण असतं ते कशानं मोजायचं याचं.

एक रस्ता म्हणजे साधी टायमर चिप. पदविकेला पहिल्या वर्षी सगळे तिच्यापासूनच सुरुवात करतात. तिला कप जोडला की ती ठोके देऊ लागते. दाणे ओले असले तर ठोके संथ पडतात. ठोके मोजा, आकडा काढा. सगळं डोळ्यांसमोर. दुसरा रस्ता म्हणजे उस्तादांनी आणलेली ही चिप. ती खास एवढ्याच कामासाठी बनवलेली. कप जोडा, ती आतल्या आत सगळं मोजते आणि तयार आकडा हातात ठेवते. आत काय झालं ते दिसत नाही.

“ही एकच काम करते,” उस्ताद म्हणाले, “पन ते करते. टायमरवाली दहा कामं करते आन एक बी धड न्हाई. हीच घे. आन मशीन झाली की आठ दिवस माझ्याकडं ठेव, मग गावाला ने.”

आठ दिवस कशाला, हे मी विचारलं नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं. पण पत्रकांवर वाढलेला माणूस विचारत नाही, पुरावे जमवतो.

निघताना त्यांनी आईसाठी अर्धापूरची केळी दिली. बसमध्ये मी केळ्यांकडेही बघत होते.

चिपचं कंपनीचं माहितीपत्रक असतं. तेही पत्रकच. मी ते मोबाइलवर शेवटच्या पानापासून वाचलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, की या वस्तूच्या वापरातून जे काही होईल त्याला आम्ही जबाबदार नाही. व्वा. मग मागं मागं येत मधल्या पानांवर मला ते सापडलं. या चिपच्या आत एक कप्पा होता, ऑफसेट नावाचा. त्यात एखादी संख्या लिहून ठेवली की चिप प्रत्येक मापातून तेवढं वजा करून, उणे संख्या असली तर मिळवून, आकडा सांगते. बाहेरून काही कळत नाही. कप तोच, दाणे तेच, आकडा मात्र कुणीतरी आधीच सरकवून ठेवलेला.

म्हणजे लबाडीसाठी खोली बांधूनच दिलेली.

चिप तरी खरी आहे का, म्हणून मी नेलपॉलिश काढायचं पाणी कापसाला लावून तिची पाठ घासली. अक्षरं निघाली नाहीत, कापूस पांढराच राहिला. चिप खरी होती. माझा संशय चिपवरून उठला आणि उस्तादांवर जाऊन बसला.

पुढच्या सोमवारी मी दुसऱ्या कामासाठी नांदेडला गेले. उस्ताद दुपारच्या नमाजला गेले होते. दुकान उघडंच. टेबलावर दोन ओलावामापक पोट फाडून पडलेले, दोन्हींवर आडत दुकानांच्या चिठ्ठ्या. शेजारी सोयाबीनच्या पुड्या, प्रत्येकीवर उस्तादांच्या वळणदार अक्षरात दोन-दोन आकडे, एक खोडून दुसरा. मी उभ्या उभ्या सगळं जोडलं. उस्ताद आडत्यांची यंत्रं ‘बसवून’ देतात, आकडा आडत्याच्या सोयीचा. म्हणून ही चिप. म्हणून आठ दिवस. आमच्या यंत्रातही त्या कप्प्यात काहीतरी घालून मिळेल, आणि गावातल्या बायकांचं यंत्रही आडत्याच्याच घरचं होईल.

मी न भेटताच परत आले. गुरुवारी अहमदपूरला पाचही चिप परत केल्या.

“का गं?”

“आत दिसत नाही.”

“आत दिसायला काय सिनेमा हाय का?”

“आणि त्यातला ऑफसेट कशाला आहे?”

“अगं, कप रिकामा असला तरी त्याचं स्वतःचं काहीतरी माप येतंय का न्हाई? ते वजा कराया. तराजूला पासंग लागतो की न्हाई, तसं.”

पासंग म्हणाले आणि माझं पक्कं झालं. आमच्या घरी हा शब्द फक्त आडतीवरच्या काटामारीच्या गोष्टीत निघायचा.

“मी टायमरवर करणार आहे. सगळं उघडं. वर पारदर्शक झाकण.”

“कर. पन आठ दिवस ठेव तरी माझ्याकडं. सकाळ-दुपार चालवून बघतो.”

“नको.”

त्यांनी पाकीट शर्टाच्या खिशात घातलं. चहा अर्धा ठेवून नांदेडची गाडी धरली.

यंत्र झालं. दिसायला सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पारदर्शक झाकणाखाली टायमर चिप, तिच्याभोवतीचे भाग, प्रत्येकाखाली मी मराठीत नाव छापलेलं. तळाशी माझं पूर्ण नाव आणि लातूर. माझ्या खोलीत मी ते चार दिवस सकाळी तपासलं, वाळवलेल्या आणि भिजवलेल्या दाण्यांवर. आकडे चोख होते. सकाळीच तपासलं, कारण दुपारी मला स्टार्टरची कामं असायची.

मुरुडला गटानं पत्र्याची जुनी शेड घेतली होती. पहिल्या दिवशी मी बायकांसमोर बोलले. आडतीच्या यंत्राचं पोट कधी कुणी पाहिलं का, हे बघा आपल्या यंत्राचं पोट, वगैरे. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “पोट दाखवलं, आता दात दाखव,” आणि सगळ्या हसल्या. मीही हसले.

बाराच्या वर ओलावा असेल तर माल परत, असं ठरलेलं होतं. आई पहाटेच शेड झाडायला आली होती, तिची पोती दाराशीच होती. म्हणून पहिलं माप आमच्याच पोत्याचं झालं : अकरा. मग वस्तीतल्या आणखी दोघींचं. साडेअकरा, अकरा. आई मोठ्यानं वाचत होती, एक मुलगी वहीत लिहीत होती. मी दाराशी उभी राहून फोटो काढत होते.

वरच्या आळीतल्या काकू दुपारी आल्या. गटात यायला सगळ्यात शेवटी तयार झालेल्या त्याच. पत्रा तापला होता, आत उभं राहवत नव्हतं. आईनं त्यांच्या पोत्यातले दाणे कपात घातले.

“तेरा.”

“पुन्हा घाल.”

आईनं दुसरीकडून दाणे घेतले. “तेरा.”

काकूंनी आमच्या पोत्याकडं बोट केलं. “तुझं किती आलं सकाळी?”

“अकरा.”

“तुझं अकरा. तुझ्या भावकीचं अकरा. माझं तेरा. आपलं रान बांधाला बांध, पेरा एका दिवशीचा, मळणी एका मशीनवर.” मग माझ्याकडं वळल्या. “पोरी, लई शिकलीस. सांग की, आत काय घालून ठेवलंयस?”

मी झाकणावर बोट ठेवून सांगू लागले. ही चिप, हा रेझिस्टर, इथं ठोके मोजतात. बोलताना माझ्याच लक्षात येत होतं की त्यांना यातलं काही कळायची सोय नव्हती. मी सगळं उघडं ठेवलं होतं आणि कुणालाच काही दिसत नव्हतं. मागं बायका जमल्या.

आईनं मला बाजूला केलं. “माझं पोतं सोड,” ती म्हणाली. मी सुतळी सोडली. सकाळी अकरा आलेलं आमचंच पोतं. तिनं सगळ्यांसमोर दाणे कपात ओतले, वाकून बघितलं आणि जसा इतरांचा वाचला तसाच आकडा मोठ्यानं वाचला.

“साडेबारा.”

मग वही लिहिणाऱ्या मुलीला म्हणाली, “आजचं सगळं खोड. माझं बी.” यंत्राची वायर काढली, आमचं पोतं स्वतः ओढत बाहेर नेलं. काकूंना म्हणाली, “माझ्या हातानं तुमचं तेरा झालं, हे मला कबूल हाय. का झालं ते कळंपर्यंत मी आकडा वाचणार न्हाई.”

घरी ती माझ्याशी फक्त एवढंच बोलली : “तू म्हणालीस सगळं दिसतं. मग हे का न्हाई दिसलं?”

ऊन. दाणे तापले की तेच पाणी विजेला जास्त वाटतं, आणि टायमरचे ठोकेही उष्णतेनं हलतात. पुस्तकात होतं. परीक्षेत मी त्याचं उत्तर लिहिलं होतं. माणसांच्या लबाडीचा मी इतका बारीक विचार केला होता की पत्र्याच्या शेडचा करायचा राहून गेला.

गुरुवारची वाट न बघता मी उस्तादांना फोन केला. “ये अहमदपूरला,” एवढंच म्हणाले. त्याच बाकावर मी त्यांना सगळं सांगितलं. शेवटी हेही सांगितलं, की मला वाटलं होतं तुम्ही आडत्यांचे झालात. सोमवारी दुकानात आले होते, न भेटता गेले.

“कळलं होतं,” ते म्हणाले. “शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं. म्हनला, तुमची पोरगी आली, टेबलाकडं बघितली आन पळाली.” मग म्हणाले, “वाईट वाटलं. खोटं न्हाई सांगत. दोन वर्षं एका ताटात खाल्लं आपण.”

मी चहाचा कप बाकावर ठेवला.

“आन शक घ्यायचाच होता तर सगळ्यावर घ्यायचा की. माझ्यावर घेतलास, उन्हावर का न्हाई घेतलास? ऊन काय तुझ्या नात्यातलं हाय?”

मला हसू आलं आणि रडूही. त्यांनी पाकीट पुन्हा काढलं. या चिपच्या पोटात तापमान मोजायचीही सोय आहे, ती काम करते तेव्हा स्वतःची गर्मी सांगते, ते माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर होतं. मी शेवटच्या पानापासून वाचलं होतं. टेबलावरच्या पुड्यांचं विचारलं, तर ते नमुने ते घरच्या ओव्हनमध्ये वाळवून सोनाराच्या काट्यावर तोलत होते. किती पाणी उडालं तो खरा ओलावा, यंत्र काय सांगतं तो दुसरा आकडा. आठ दिवस त्यांना त्यासाठीच हवे होते, सकाळ, दुपार, संध्याकाळ करून बघायला.

“आणि ती आडत्यांची यंत्रं? त्यांत काही नव्हतं?”

“एकीत गर्मीचा हिसाब न्हवता. तुझ्यासारखाच.”

“आणि दुसरीत?”

“दुसरीत कुणीतरी दीड पॉइंट घालून ठेवला होता.”

“ऑफसेटमध्ये?”

“हाव. तिथंच. मी काढून टाकला. मग त्यो आडत्या दुसरीकडं गेला, काम बी घेऊन गेला.”

मग मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. माझा संशय खोटा नव्हता. तो कप्पा लबाडीला खरंच वापरला जातो. पण ज्यानं लबाडी उपसून काढली त्याच्यावरच मी तो रोखला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि असं काही सांगणारं पत्रक आमच्या घरात कधी आलं नव्हतं.

मी ती चिप घेतली, पण एका अटीवर. “त्या कप्प्यातली संख्या आत राहणार नाही. बाहेर दिसली पाहिजे.”

“कुणाला दिसून काय कळणार हाय?”

“आकडा कळतो. बदलला तर बदललेला कळतो.”

उस्तादांनी विचार केला. “मग एक बटन ठेव. रिकामा कप ठेवायचा, बटन दाबायचं, वजा काय होनार हाय ते पडद्यावर आलं पायजे. आन रोज लिहायचं. कुठं लिहशील?”

“भिंतीवर.”

“वहीत न्हाई?”

“वही आईच्या हातात असते.”

ते पहिल्यांदा मोकळे हसले. यंत्र या वेळी आठ नाही, बारा दिवस त्यांच्याकडं राहिलं. मी दोनदा नांदेडला गेले आणि दोन्ही वेळा दुपारी, गच्चीवर उन्हात यंत्र ठेवून बघितलं. त्यांनी केलेला तापमानाचा तक्ता मी पुन्हा स्वतः पडताळला. विश्वास बसला म्हणून मी थांबले असं लिहिता येईल, पण तसं झालं नाही. आकडे जुळले म्हणून थांबले.

मुरुडला शेडच्या भिंतीला काळा रंग दिला. या वेळी मी भाषण केलं नाही. गटाच्या चारच बायका आल्या होत्या, त्यातल्या दोन आमच्या वस्तीतल्या. आईनं रिकामा कप ठेवला, बटण दाबलं, आकडा वाचला आणि खडू काकूंच्या हातात दिला. काकू दारातच उभ्या होत्या, आत आल्या नव्हत्या.

“मी कशाला?”

“मी लिहिलं तर मी लिहिलं होईल.”

काकू आत आल्या, पडद्याकडं डोळे बारीक करून बघितलं आणि भिंतीवर आकडा लिहिला. सोबत एकच पोतं होतं, डोक्यावर घेऊन आलेल्या. आईनं मापलं. “साडेअकरा.” आमचं पोतं त्यानंतर मापलं, तेही तेवढंच.

मला वाटलं, आता झालं. काकूंनी मात्र पोत्याचं तोंड बांधलं आणि ते उचलायला वाकल्या.

“घेतलं की काकू तुमचं,” आई म्हणाली. “ठेवा इथंच.”

“ठेवते की. पन इथं न्हाई, भाईर उन्हात. दोन वाजता परत माप. तवा बी एवढंच आलं तर बाकीची पोती आणायला सांगते.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “आन हिला घरी पाठव. ही नसताना माप.”

आईनं मान हलवली. मी पिशवी उचलली आणि घरी गेले. दोन वाजून बराच वेळ झाला तरी कुणी काही सांगायला आलं नाही. मग रस्त्यानं काकूंच्या घरची बैलगाडी शेडकडं जाताना दिसली. तिच्यात पोती होती. मोजली तर दरवर्षी आडतीवर जातात त्याच्या निम्मीच.